चोरदरवाजाची वाट

चोर पकडला गेला की त्याची बोबडी वळते म्हणतात. माझी नाही वळली. गढीच्या चोरदरवाजाशी, डिझेलात भिजवलेलं फडकं घेऊन मी कातळावरची पांढरी अक्षरं खसाखसा पुसत होते, तेवढ्यात मागून आवाज आला —

"झालं का पुसून? का ब्रश देऊ, पुरं काळंच करून टाक."

वळून पाहिलं. सीताफळीच्या झुडपाआड एक पोरगा दगडावर बसला होता. बाहीवर रंगाचे डाग, कानामागे बारीक ब्रश, धुक्यानं केस ओले. त्यानं लिहिलेलं रोज सकाळी गायब होत होतं, म्हणून आज तो उजाडायच्या आधीच दबा धरून बसलेला. खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण तो हसत होता, आणि त्यामुळे मलाच जास्त राग आला.

"हे तू लिवतं?"

"मीच. करण. मालेगावचा पेंटर. आन तू कोन, पुसनारी?"

"आंधी तू काय लिवलं ते वाच. मोठ्यानं."

त्यानं मान तिरकी करून अर्धवट पुसलेली अक्षरं वाचली. "पुढे... रस्ता नाही."

"बरं. आता उठ. खाली पाह्य."

तो उठला. धुकं जरा फाटलं होतं. खाली पत्र्याची छपरं, चुलींचा धूर, शेळ्यांची ओरड...

"ते काय हाय?"

"गाव हाय... कोन्तं तरी."

"कोन्तं तरी नाही. माहा तांडा हाय. आमच्या बाया ह्याच वाटेनं चाऱ्याले येतात, मी ह्याच वाटेनं वर येते, आन तू लिवून राह्यला पुढे रस्ता नाही! मंग मी काय उडत येते?"

त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "येतानी तं मले दिसली नाही."

मी फडकं त्याच्या अंगावर फेकलं. नेम चुकला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आमची गढी वऱ्हाडात, किन्हीराजा गावाच्या पुढे, टेकडीवर आहे. दगडी बुरूज, पडकी तटबंदी, धान्याचं कोठार, बारव. कुणी बांधली यावर गावात रोज वाद होतात आणि कधीच मिटत नाहीत. त्या वर्षी मात्र तिचं नशीब उघडलं होतं. बाहेरच्या लोकांनी पायी फिरून गढी पाहावी म्हणून वाट आखायचं काम निघालं होतं. दगडांवर बाण, वळणावर पाट्या. ठेकेदाराच्या नकाशात वाट पुढच्या दरवाजातून आत शिरायची, बुरूज, कोठार, बारव करून पुढच्याच दरवाजातून बाहेर पडायची. पुढच्या दरवाजाशी ठेकेदाराच्या मेव्हण्याचं हॉटेल उभं राहत होतं. हा निव्वळ योगायोग आहे, असं ठेकेदार सगळ्यांना न विचारता सांगायचा.

आणि गढीची मागची बाजू, म्हणजे चोरदरवाजा, उतार आणि आम्ही, नकाशात नव्हतोच.

"माह्यासंगं खालपर्यंत चल," मी करणला म्हणाले. "मंग वर येऊन तुले जे लिवायचं ते लिव. मी पुसनार नाही."

"आन रस्ता निंघाला तं?"

मी फडकं उचललं. "तं तू पुसजो. ह्याच फडक्यानं."

चोरदरवाजा इतका ठेंगणा आहे की वाकल्याशिवाय कुणाचाच निभाव लागत नाही. करण उंच, त्याला जवळजवळ रांगावं लागलं. "इथं भल्याभल्याईले वाकावं लागते," मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

पलीकडे पायऱ्या आहेत. दवानं ओल्या, मधोमध खोलगट झालेल्या. त्यानं एका खळग्यात हात ठेवला.

"हे कायनं झालं?"

"बैलाईच्या खुरानं. आमची लदेणी ह्याच वाटेनं चढे. लदेणी म्हंजे बैलाईच्या पाठीवर गोण्या लादून चाललेला तांडा. मीठ, जवारी, गहू. पुढच्या दरवाजातून राजे येत अस्तीन बाप्पा, पन जेवन मागच्याच दरवाजातून येत व्हतं."

"तुले कोनी सांगतलं?"

"आमच्या बायाईच्या गाण्यात हाय. आन नसतं तरी... मीठ का आभाळातून पडते? ह्या गढीनं आमचं मीठ खाल्लं हाय. आता खाल्ल्या मिठाले जागायची पाळी तिची हाय."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याचा पाय घसरला. मी त्याची कॉलर धरली. हात नाही धरला, कॉलरच धरली. सोडायला मात्र जरा उशीर केला... अगदी जरासाच.

उतारावर मध्येच एक सपाट जागा आहे. तिथे गोण्या उतरवायचा मोठा ओटा, कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं, आणि कडुनिंबाखाली एक वीरगळ, लढून मेलेल्या कुणाच्या तरी नावाचा उभा दगड. तलवार घेतलेला माणूस, आणि त्याच्या पायाखालच्या पट्टीत ओळीनं बैल. करण त्या दगडापुढे कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. बोटानं एकेका बैलाची शिंगं गिरवत होता. पेंटर लोक बोटानं बघतात, हे मला तेव्हा कळलं.

मी सीताफळ फोडलं. अर्धं त्याला दिलं.

"तू इथं काय करतं?" त्यानं विचारलं. "म्हंजे... कालेज, नोकरी?"

"बीए झाली. आन दिवाळी झाली की कोयता होनार हाय."

त्याला कळलं नाही. मग सांगितलं. दिवाळी झाली की आमचा तांडा ऊसतोडीला जातो. मुकादमाला जोडी लागते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी नेत नाही. बापूनं, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्यासाठी हरीओम नावाचा पोरगा पाहून ठेवला होता, पलीकडच्या तांड्यातला. त्याला जोडी हवी होती, बापूला माझी काळजी मिटवायची होती. दिवाळीआधीच्या रविवारी गूळ वाटायचा होता. आमच्यात तांड्याच्या प्रमुखासमोर, नायकासमोर, गूळ वाटला की सोयरीक पक्की.

"मंग तू काय म्हनलं?"

"मी नाही म्हनलं."

"आन घरचे?"

"त्याईनं पाहुन्याईसाठी बाज आनली."

तो हसला, मग एकदम हसायचा थांबला. "तुले काय पाह्यजे?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी हात फिरवून ती सगळी जागा दाखवली, टाकं, ओटा, तो वीरगळ, खालचा धूर.

"हे पाह्यजे. ही वाट पाट्यांवर आली तं लोक इकडून उतरतीन. मी त्याईले गढी दाखवीन. तांड्यातल्या बाया भाकर-ठेचा इकतीन. मंग मले ऊसाले जा म्हनाले कोनाजवळ काही कारन नाही राह्यनार."

आम्ही परत वर आलो. करणनं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि 'पुढे रस्ता नाही' स्वतःच्या हातानं पुसलं. शेवटचा काना जाईपर्यंत घासत राहिला.

मला तो आवडला. तिथंच, त्याच घटकेला. उगीच आढेवेढे कशाला घ्या?

पुढचे दिवस आम्ही ती वाट रंगवली. म्हणजे रंगवायचा तो, मी फक्त चुका काढायची. "बाण वाकडा हाय." "वाटच वाकडी हाय." "मंग सरळ मानसाले काढाले काहून लावलं?" तो पाणी मागायचा, मी टाक्याकडे बोट दाखवायची, तो म्हणायचा, "तुह्या हातानं दे नं," मी म्हणायची, "माहा हात म्हंजे काय लोटा हाय, पेंटर? दुसरं गिऱ्हाईक पाह्य." आणि तरी ओंजळ भरून द्यायचीच. ओंजळीतून पाणी पिताना त्याच्या मिशा माझ्या मनगटाला लागायच्या... मी डोंगराकडे बघायची. डोंगर काही बोलायचा नाही, बरा असतो बिचारा.

ठेकेदाराला कळलं तर कामावरून जाईल, हे करणला ठाऊक होतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "पाट्या रंगवनाऱ्याले मालेगावात काम कमी नाही. पन खोटी पाटी एकदा लिवली की हात नासते." बस, एवढंच बोलला.

चूक त्याच्या हातून एकच झाली. ओट्यावरच्या दगडाला त्यानं तांबडा रंग दिला, त्यावर बाण काढला, आणि बाणाच्या वर एक छोटासा पांढरा झेंडा काढला. गढी म्हणजे झेंडा, असा त्याचा साधा हिशेब. पण आम्हां बंजाऱ्यांच्या तांड्यात पांढरा झेंडा म्हणजे आमच्या संत सेवालाल महाराजांचा झेंडा. दुसऱ्या दिवशी माझी याडी, म्हणजे माझी आई बेबीबाई, चाऱ्याला वर आली, तिनं तो दगड पाहिला, आणि डोक्यावरचा भारा टाकून हात जोडले. दुपारपर्यंत सगळा तांडा वर. नारळ फुटले, तुपाचा भोग लागला, बायांनी गाणं धरलं. मी धावत गेले.

"याडी, अवं हे पेंटरनं काढलं!"

घरात आम्ही आमची गोरमाटी बोली बोलतो, इथे आपली वऱ्हाडीत सांगते. याडी शांतपणे म्हणाली, "मंग महाराजानंच त्याच्या हातानं काढवून घेतलं असन."

मी प्रसादाचं खोबरं घेतलं आणि तिच्या शेजारी बसले.

संध्याकाळी ठेकेदार काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. करणला चारचौघांत शिव्या घातल्या, आणि ते बाण पुसायला तावातावानं निघाला. पायऱ्यांवरचे दोन त्यानं काळे केलेही. मग ओट्यापाशी पोचला. तिथे अगरबत्तीचा धूर, आणि दगडापुढे मांडी घालून बसलेल्या आमच्या बाया. याडीनं पदर खोचला.

"पुस," ती म्हणाली. "लाव हात. आमी पाह्यतो."

ठेकेदारानं डबा पाहिला, बाया पाहिल्या, दगड पाहिला. मग चप्पल काढली आणि नमस्कार करून गेला.

दोन दिवसांनी पाहणीला साहेब लोक आले. चोरदरवाजातून डोकावले, खालून गाण्याचा आवाज येत होता, म्हणून उतरले. प्रसाद खाल्ला. खुरांचे खळगे पाहिले, वीरगळापाशी फोटो काढले. एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी विचारलं, "हा भाग फार छान आहे. पण लोकांना हे समजावून कोण सांगणार?"

ठेकेदारानं तोंड उघडलं.

"मी," मी म्हणाले.

मागची वाट नकाशात आली. करणला ठेकेदारानं काढून टाकलं होतं, पण त्या बाईंनी पाट्या त्याच्याचकडून पूर्ण करून घ्यायला लावल्या. मला वाटलं, जिंकलो. पण बापू, मदनसिंग राठोड, माझ्याहून हट्टी माणूस. माझा हट्ट काय शेजारून आलाय? "लोक येतीन तवा येतीन," तो म्हणाला. "ऊस उभा हाय आत्ता. आन पोरगी किती दिवस डोंगरावर फिरनार?" रविवारचा गूळ काही टळला नाही.

नायकाच्या दारात सतरंजी पडली. पाहुणे आले. हरीओम नवा शर्ट घालून, मान खाली घालून बसला होता. दिसायला वाईट नव्हता. करणही होता. बायांनीच बोलावलं होतं, कारण आता त्याचा हात पवित्र झाला होता ना. कडेला चहाचा कप धरून बसला होता, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. नायकानं गुळाचं ताट पुढे ओढलं, तशी मी उभी राहिले.

"नायकबा, गूळ वाटू नका."

शेळीसुद्धा ओरडायची थांबली.

"रुचिका, खाली बस," बापू म्हणाला.

"नाही बसत, बापू. तुमाले घरात सांगतलं, वावरात सांगतलं. आता सगळ्याईसमोर सांगते. मी ऊसाले जात नाही, आन ऊसासाठी लगन करत नाही. मी कोनाचा अर्धा कोयता नाही. मी पुरी हाय."

मी गुळाचं ताट नायकाकडे परत सरकवलं.

हरीओमचे कान लाल झाले. "माह्यात काय खोट हाय?"

"काहीच नाही. तुले जोडी पाह्यजे, ते बी बरोबर हाय. मले व्हायचं नाही, एवढंच."

पाहुण्यांतला एक म्हातारा खाकरला. "कोनी दुसरा हाय वाटते."

सगळ्या माना फिरल्या. कडेला, चहाच्या कपाकडे. नायकानं विचारलं, "काहून रे पेंटर? तुहं काय म्हननं हाय?"

करण उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी म्हणत होते, बोल... आता बोल...

"माहं... काही नाही," तो म्हणाला. "पोरगी आपलं सोताचं बोलून राह्यली. माहा काय संबंध?"

आणि खाली बसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे गूळ न खाता उठले, बापू घरात गेला, याडी कुणाशी तरी भांडायला लागली. मी तरातरा डोंगर चढले. चोरदरवाजाशी पोचले तेव्हा मागून धापा टाकत तो आला.

"रुचिका —"

"संबंध नाही नं तुहा? मंग काहून आला मांगं?"

"ऐकून तं घे —"

"ओंजळीतून पानी पेतानी संबंध व्हता? तांड्यासमोर गेला व्हय कुठी?"

"तू आवडतं मले," तो म्हणाला. एका दमात, जवळजवळ ओरडूनच. "फडकं घेऊन उभी व्हती त्या दिवसापासून आवडतं. झोप नाही मले, जेवन नाही. आई म्हनते पोराले कावीळ झाली!"

"मंग मघा काय तोंड शिवलं व्हतं?"

तो कातळाला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी तिथं हो म्हनलो असतो नं... तं उद्या सारा तांडा म्हनला असता, पोरीनं पोरासाठी ऊसाले नाही म्हनलं. तुहं 'नाही' माह्या नावानं गेलं असतं. ते तुहं हाय, रुचिका. तू एकटीनं म्हनलं. तुहंच राहू दे म्हनून बसलो खाली. जीव चालला व्हता माहा... पन बसलो."

मी रडले. आम्हां राठोडांच्या पोरी रडत नाहीत असं मी सगळ्यांना सांगते, पण रडले, नाक ओढत, त्याच्या रंग लागलेल्या बाहीवर. माझ्या रागाला, माझ्या हट्टाला लोक नेहमी काहीतरी नाव द्यायचे. तो राग, तो हट्ट माझाच आहे असं म्हणणारा हा पहिलाच भेटला.

"मले बी तू आवडतं," मी म्हणाले. "लय आवडतं. पन बाण अजून वाकडेच काढतं."

या वेळी मी त्याची कॉलर नाही धरली. हात धरला.

दिवाळी झाली. बापू माझ्याशी बोलत नव्हता. चहा मागायचा तर भिंतीकडे बघून मागायचा. मग एका रविवारी सकाळी ट्रॅक्टर आला. बाजा, भांडी, कोंबड्या, पोरंटोरं चढली. याडी आणि बापू, त्यांचा एक पुरा कोयता, शेवटी चढले. याडीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता उडी मारून मागे चढावं. नाही चढले. त्याच सकाळी मालेगावहून दोन कुटुंबं गढी बघायला आली होती, पाण्याच्या बाटल्या घेऊन तांड्याच्या तोंडाशी उभी होती. माझी पहिली माणसं. करण नवी पाटी ठोकायला आला होता, हातोडी घेऊन तोही तिथेच.

ट्रॅक्टर सुरू झाला आणि बापूनं वरून हाक मारली. "ए पेंटर!"

करणची हातोडी पडली.

"तू आमच्या जातीचा नाही. मले ते खुपते, खोटं कायले बोलू?"

"हो, काका."

"आमी होळीले वापस येतो. तुले काही इचारायचं असन तं तिलेच इचार. मले नको इचारू. मी तिच्यासाठी ठरवलं व्हतं, काय झालं ते पाह्यलं नं तू?"

अख्खा ट्रॅक्टर हसला. बापू नाही हसला, पण माझ्याकडे पाहिलं त्यानं, सरळ माझ्याकडे. त्या गुळाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

करणनं पडलेली हातोडी उचलली. "मंग... इचारू?"

"इथं? सगळ्याईसमोर?"

"आता सगळ्याईसमोरच." त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "रुचिका, माह्याशी लगन करशीन?"

ट्रॅक्टर चालू होता, तरी कुणी हलत नव्हतं. याडीनं पदर तोंडात धरला होता. मालेगावच्या पाहुण्यांनी मोबाईल खाली केले.

"करीन," मी म्हणाले. "मालेगावात नाही पन, इथं. आन ह्या मानसाईले आंधी वर न्यायचं हाय मले. बाजूले सरक."

तो बाजूला सरकला. मी पाहुण्यांना हाक दिली आणि पायऱ्या चढायला लागले. थोड्या वेळानं पाहिलं, तर सगळ्यांच्या मागून, हातोडी खांद्यावर टाकून, तोही चढत होता.